तू माझा जामीन होतास

मुंबई,
शनिवार, २७ डिसेंबर २०२५

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

कुळथाचं पीठ पोचलं. दोनदा पिठी झाली. तिसऱ्यांदा कर म्हणालो, तर घरून उत्तर आलं की त्यापेक्षा चिपळूणलाच जाऊन राहा. परवा फोनवर तू आपल्या शिक्षक संघटनेचं काय चाललंय विचारलंस आणि मी नुसतं 'चाललंय' म्हणालो, कारण तेव्हा कुर्ल्याला लोकलच्या दारात लोंबकळत होतो. आज सुट्टी आहे, बैजवार लिहितो.

वर्षअखेरची सभा गेल्या शनिवारी झाली. दादरला, त्याच शाळेत. बाकं पाचवीच्या पोरांच्या मापाची, त्यामुळे अध्यक्षांसकट सगळे गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. पालिकेची निवडणूक १५ जानेवारीला, म्हणजे आपल्या लोकांना ड्यूट्या आल्याच. निम्मी मंडळी तेच रडगाणं गात उशिरा आली. जुन्या पेन्शनचा ठराव दरवर्षीसारखा एकमताने पास. संचमान्यतेवर, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्यावर, थोडी बाचाबाची. ५ डिसेंबरच्या शाळा बंदचा एक दिवसाचा पगार कापणार की नाही, यावर जेवढी तोंडं तेवढे अंदाज.

बाकी वेळ टीईटीने, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेने खाल्ला. सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबरचा निकाल तुला ठाऊक आहेच. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त राहिली असतील, तर दोन वर्षांत टीईटी पास व्हा, नाहीतर घरी जा. पाचच्या आत असाल तर सुटलात, पण बढती हवी असेल तर परीक्षा द्याच. म्हणजे तू सुटलास, फक्त मुख्याध्यापक होण्याची स्वप्नं बघू नकोस. मी मात्र नऊ महिन्यांनी अडकलो! गावच्या गुरुजींनी माझी जन्मतारीख १ जून १९७३ लावली, तशी वर्गातल्या निम्म्या पोरांची १ जूनच लावली होती. त्यांनी सालात एकाचा फरक केला असता, तर मी मे २०३० मध्येच निवृत्त झालो असतो आणि या वयात बालमानसशास्त्राचे तीस प्रश्न सोडवावे लागले नसते. २३ नोव्हेंबरला बसलो परीक्षेला. शेजारच्या बाकावर माझाच जुना विद्यार्थी! त्याने वाकून नमस्कार केला आणि हळूच विचारलं, "सर, गणिताचा भाग कसा गेला?" दीडशेपैकी नव्वद हवेत. निकालाची वाट बघतोय, जास्त विचारू नकोस.

आता खरी गोष्ट. मी खजिनदार आहे हे तू विसरला असशील, कारण मीसुद्धा अधूनमधून विसरतो. आपल्याकडे 'पुढील शिक्षण साहाय्य' असं भारदस्त नाव असलेला निधी आहे. वर्गणीतले थोडे पैसे दरवर्षी त्यात जातात. शिक्षकाला एम.ए., एम.एस्सी., एम.एड. करायचं असेल तर फीसाठी बिनव्याजी उचल द्यायची, असा नियम. ताळेबंद करताना लक्षात आलं की तीन वर्षांत या निधीतून एक रुपया गेलेला नाही. अर्ज आले तीन, तिन्ही अपुरे म्हणून परत. सभेत एकजण अभिमानाने म्हणाला, "बघा, निधी शिल्लक आहे." टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या नाहीत.

तिसरा अर्ज एका शिक्षणसेविकेचा. बीड जिल्ह्यातली, माध्यमिकला गणित शिकवते, कळव्याला तिघींत मिळून खोली. शिक्षणसेवकांचं मानधन २०२३ पासून वाढलं हे खरं, पण वाढून किती? प्राथमिकला सहाचे सोळा हजार, माध्यमिकला आठाचे अठरा. त्यात तीन वर्षं काढायची, मुंबईत. तिला दूरस्थ पद्धतीने एम.एस्सी. करायचंय. सभा संपल्यावर वडापावच्या ताटाशी मला गाठलं. "सर, अर्जावर दोन कायम शिक्षकांची जामीनदार म्हणून सही लागते. आमच्या शाळेत माझी ओळखच सहा महिन्यांची. कोण देणार?" वर मुख्याध्यापकांची शिफारस हवी, आणि त्यांचं म्हणणं असं की आधी नोकरीत कायम व्हा, मग डिग्र्या गोळा करा. पतपेढीचं दारही बंद, कारण कायम झाल्याशिवाय सभासद करत नाहीत.

मी शहाणपणा करून तिला आयकरातल्या ८०ई बद्दल सांगायला लागलो. स्वतःच्या उच्च शिक्षणासाठी बँकेचं कर्ज काढलं, तर व्याजाची वजावट मिळते. ती हसली. "सर, अठरा हजारांवर मला कर कुठे लागतो?" खरंच की. ज्याला कर लागतो, त्याने जुनी करप्रणाली निवडली असेल तरच ही सवलत. पतपेढीच्या कर्जाला तर तीही नाही. दहावीच्या पोरांना शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देणारे आपण, आणि आपल्याच पोरीला देण्यासारखं माझ्याकडे एक कलम होतं, तेही तिच्या उपयोगाचं नाही.

घरी येताना गाडीत तू आठवलास. आपलं नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं बी.एड.! दर रविवारी अभ्यासकेंद्र, डब्यातली थंड पोळीभाजी आणि तुझे ते सूक्ष्म अध्यापनाचे पाठ, ज्यात तू फळ्याकडे तोंड करूनच बोलायचास. फी पतपेढीतून काढली होती. तू माझा जामीन, मी तुझा, आणि दुसरा जामीनदार म्हणून शाळेच्या शिपाईमामांना आपण दोघांनी मिळून गळ घातली होती. मामांनी सही करताना एवढंच विचारलं होतं, "पळून नाही ना जाणार?" तेव्हा ते इतकं सोपं वाटलं, कारण आपण कायम होतो, आणि एकमेकांना होतो.

मंगळवारी कार्यकारिणी होती. मी मांडलं की जामीनदाराची अट काढा, शिफारसही काढा, प्रवेशाची पावती बघून फी थेट विद्यापीठात भरा, परतफेड कायम झाल्यावर. एक ज्येष्ठ भडकले. म्हणाले, "आमच्या नोकऱ्या टीईटीवर टांगल्यात आणि तुम्ही निधी एम.एस्सी.ला वाटताय? आधी आमचे क्लास लावा." त्यांचंही चूक नाही रे. पंचविशीत लागलेला माणूस पन्नाशीत परीक्षेला भीत असेल, तर त्याला हसू नये. मी तर त्यातलाच. पण गंमत बघ, या नव्या पोरांतली बरीचशी टीईटी पास होऊनच नोकरीत आलीत. मी म्हटलं, क्लासवाल्याला कशाला पैसे, रविवारी हीच मुलं आपल्याला शिकवतील. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग उपाध्यक्ष बाई म्हणाल्या, "मला चालेल, पण इंग्रजीपासून सुरू करा." ते ज्येष्ठ काही बोलले नाहीत, चहा मात्र पूर्ण प्यायले.

शिफारस गेली. जामीनदाराची अट गेली नाही, दोनाचा एक झाला. मी भांडलो, पण आठ विरुद्ध तीन. नव्या नियमातल्या पहिल्या अर्जावर जामीन म्हणून मीच सही केली आहे. खजिनदाराने करावी का, यावर पुढच्या सभेत बोंब होणार, तयारी ठेवलीय.

तुझ्याकडे बी.एड.च्या त्या मानसशास्त्राच्या वह्या असतील, पत्र्याच्या ट्रंकेत बघ. वाळवीने ठेवल्या असतील तर जानेवारीत कुणाबरोबर तरी पाठव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अण्णा

ता. क. टीईटीचे रविवारचे वर्ग येत्या ४ जानेवारीपासून सुरू. भडकलेल्या ज्येष्ठांनी काल फोन करून विचारलं, वही किती पानांची आणू.