ओळंबा पाठवून द्या

नाशिक, रविवार

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. परवा बाबांना फोनवर एक गोष्ट सांगायला घेतली तर नेमकी रेंज गेली. तशी ती फोनवर सांगण्यासारखी नव्हतीच, आकृती लागते. बाबा, ऑपरेशन झालेल्या डोळ्याला ताण देऊ नका, आई वाचून दाखवेल. आकृती मागच्या पानावर मोठी काढली आहे, ती तेवढी तुम्ही बघा.

अकरावीला सध्या गुरुत्वाकर्षण चाललंय. फळ्यावर मोठा गोल काढला, चारी बाजूंनी केंद्राकडे बाण मारले आणि सांगितलं की प्रत्येक वस्तू पृथ्वीच्या मध्याकडे ओढली जाते. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील फरशी बसवायची कामं घेतात. म्हणाली, "मॅडम, मग भिंत सरळ आहे का बघायला दोऱ्याला वजन बांधून सोडतात, ते दोन ओळंबे समांतर नसतात का?"

वर्ग हसला. मी मात्र थेट आपल्या शाळेमागच्या त्या दुमजली घराच्या कामावर जाऊन पोचले. तुम्ही परांचीवर, मी खाली डबा घेऊन उभी. लाकडी गुटका विटेला टेकवून तुम्ही ओळंबा सोडला होता आणि तो हेलकावे थांबवायची वाट बघत होतात. मी विचारलं होतं, या कोपऱ्यातला दोरा आणि त्या कोपऱ्यातला दोरा खाली खाली जात राहिले तर कुठे भेटतील का? तुम्ही वरूनच ओरडलात, "डबा ठेव अन् लांब हो, वीट पडंल डोक्यात!" उत्तर राहिलं ते राहिलंच. मीही नंतर विसरले, आणि फिजिक्स शिकवायला लागून इतकी वर्षं झाली तरी आठवलं नाही, याची जरा लाज वाटली.

त्या मुलीला मी म्हटलं, बरोबर आहे तुझं, नसतात समांतर. भेटतात ते, पण पृथ्वीच्या मध्यापाशी, 6,371 किलोमीटर खाली. (पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून अगदी मध्याकडेही नाही, थोडंसं बाजूला. ते बारावीनंतर.) मग सगळ्यांनी मिळून हिशेब मांडला. भिंत 30 फूट लांब, 10 फूट उंच. दोन्ही टोकांना दोन ओळंबे. वरच्या गाठींमधलं अंतर खालच्या टोकांमधल्या अंतरापेक्षा किती जास्त? उंची गुणिले लांबी भागिले पृथ्वीची त्रिज्या. उत्तर आलं मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, चार आणि थोडं वर. तुमच्या भाषेत सांगायचं तर एका सुताचे, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचे, सातशे भाग करा, त्यातला एक. म्हणजे बाबा, तुमच्या सगळ्या भिंती वरच्या बाजूला किंचित फाकलेल्या आहेत, आणि जगातला कुठलाही गवंडी ते पकडू शकत नाही.

हसण्यावारी नेऊ नका. न्यूयॉर्कला व्हेराझानो-नॅरोज नावाचा झुलता पूल आहे, 1964 साली सुरू झालेला. त्याचे दोन मनोरे 211 मीटर उंच आणि एकमेकांपासून 1,298 मीटर लांब. दोन्ही अगदी ओळंब्यात. म्हणूनच वरच्या टोकांमधलं अंतर पायथ्यापेक्षा सुमारे 4 सेंटिमीटरने जास्त आहे. हे सांगितलं तेव्हा हसणारे गप्प झाले. ती मुलगी वहीत काहीतरी लिहीत होती. बहुतेक घरी जाऊन वडिलांना सांगितलं असणार.

दुसरा प्रश्न दहावीतल्या भाच्याचा, तोही तुमच्याच कामाचा. पायथागोरस कळला, पण त्याच्या प्रमेयाचा व्यत्यास कशाला वेगळा शिकायचा, दोन्ही एकच तर आहेत, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, आजोबांना विचार. प्रमेय सांगतं, काटकोन असेल तर बाजूंचा हा हिशेब जुळतो. पण पाया आखताना तुमच्या हातात काटकोन कुठे असतो? तोच तर काढायचा असतो. एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट, आणि तिरकं माप पाच भरेपर्यंत खुंटी सरकवायची. पाच भरलं की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. हा व्यत्यास. नुसत्या प्रमेयावर तुमचा एकही पाया आखून झाला नसता. बौधायनाच्या शुल्बसूत्रात तीन-चार आहे, पाच-बारासुद्धा आहे, आणि शुल्ब म्हणजे दोरीच.

दहावीला मी मोठ्या तोऱ्यात घरी सांगितलं होतं की तुम्ही करता ते पायथागोरसचं प्रमेय आहे. तुम्ही थापी धुता धुता म्हणालात, "असंल. त्याच्या घराचा कोपरा कुणी काढला?" ते मी दरवर्षी वर्गात सांगते. तुमचं नाव घेऊन.

आई, आता तुझी पाळी. तुझ्या कुकरवरून, शिट्ट्या मोजायच्या की मिनिटं, हे आपलं भांडण होतं ते तसंच आहे. एका मुलाने विचारलं, एवढीशी शिट्टी एवढी वाफ दाबून कशी धरते? मी भोक मोजायला लावलं. साधारण 3 मिलिमीटर व्यासाचं धर, म्हणजे 7 चौरस मिलिमीटर जागा. आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला एक किलोने जास्त झाला, तरी एवढ्याशा भोकावर तो 70 ग्रॅमचाच जोर लावतो. तेवढ्याच वजनाची शिट्टी पुरते. जोर त्याहून वाढला की ती उचलली जाते, फुस्स होतं, परत बसते. त्या दाबाला आत पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते.

आणि इथेच तुझी चूक आहे. पहिली शिट्टी झाली की आतलं तापमान त्याच्या वर जातच नाही, गॅस कितीही मोठा ठेव. डाळ आत किती मिनिटं राहिली त्यावर शिजते, शिट्ट्यांच्या आकड्यावर नाही. मोठ्या गॅसवर चार शिट्ट्या पाच मिनिटांत होतात आणि बारीक गॅसवर एकच शिट्टी दहा मिनिटं लावते. मग तू म्हणतेस, "तुझी डाळ कच्ची आणि माझी मऊ, ते कसं?" ते माझ्या डाळीचं आहे, फिजिक्सचं नाही. जुनी तूर आणते मी.

सगळेच प्रश्न मला नीट हाताळता आले असं नाही. एका पोराने विचारलं, वजा गुणिले वजा अधिक का? तास संपत आला होता. नियम आहे, पाठ कर, असं म्हणून मी मोकळी झाले. रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी हार्डवेअरवाल्याची उधारीची वही सांगितली. सिमेंटच्या दुकानात आपली पन्नासची उधारी तीन वेळा लिहिली होती, त्याने तिन्ही ओळी खोडल्या. उधारी म्हणजे वजा, खोडणं म्हणजे वजा. आपल्या खिशात काय झालं? दीडशे वाढले. पोरगा म्हणाला, "खोडतो का मॅडम खरंच कुणी?" आपल्या वहीत कधी खोडलेलं मला तरी आठवत नाही, बाबा.

आता कामाचं. प्रयोगशाळेत लंबकासाठी लिंबाएवढे गोळे आहेत, मीटरभर दोरीवर टांगायचे. पोरांना मजा येत नाही. आमच्या जिन्याच्या मधोमध मोकळी जागा आहे, तिथून वीस फूट दोरीवर ओळंबा सोडला तर जाऊन-येऊन एक झोका पाच सेकंदांचा होईल. घड्याळाशिवायसुद्धा मोजता येईल. वीस झोके मोजायचे आणि त्यावरून गुरुत्वाकर्षण काढायचं. तुमचा ओळंबा कोठीत खुंटीला लटकलेला आहे, ते दिवाळीत पाहिलं. दादा पुढच्या आठवड्यात इकडे येतोय, त्याच्याबरोबर पाठवा. गंज पुसू नका, तो तसाच हवा. दोरा जुना झाला असेल तर नवा लावा, पण गाठ तुम्हीच मारा, माझी सुटते.

गुटका पण द्या. ती मुलगी नक्की विचारणार तो कशाला असतो.

तुमची धाकटी