पडलेल्या ड्रोनचा पंचनामा कोण करणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या उसात फवारणीचा ड्रोन पडला. माणूस दगावला नाही, जनावर दगावलं नाही, त्यामुळे बातमी व्हायचं कारणच नव्हतं. मी बांधावर होतो. दहा लिटरची टाकी भरून यंत्र उठलं आणि दुसऱ्या फेरीला वळताना एका पंख्याचा आवाज बदलला. हवाई दलात 22 वर्षं इंजिनांचे आवाज ऐकण्यात गेली, मान आपोआप वर झाली. तोवर यंत्र कलंडून विहिरीपासून वीसेक फुटांवर सरीत आदळलं होतं. टाकी फुटली आणि पांढरट पाणी उताराला, विहिरीच्या अंगाला निघालं.

चालवणारा पोरगा पळत आला. "काय मारत होतास रं?" विचारलं, तर म्हणाला, "मिक्स हाय काका." बाटली मालकाच्या घरी. आम्ही दोघातिघांनी खोऱ्यानं सरीत आडवी माती ओढली (हातमोजे कुणाकडे असणार!). पोरानं पंखे मिटले, यंत्र पिकअपमध्ये टाकलं, "मोटर बसली, दुसरं काय न्हाय" म्हणून गेला.

ड्रोनला माझा विरोध नाही. 2002 साली उसावर लोकरी मावा ही कीड आली तेव्हा पाठीवर पंप घेऊन डोक्याएवढ्या उसात मी स्वतः शिरलोय. पात्यांनी सोलून निघालो आणि अर्धं औषध अंगावर. यवतमाळात 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. असलं काम यंत्र करत असेल तर करू दे.

पण विमानाचा न्याय ड्रोनलाही लावा. फवारणीचं विमान पिकाच्या डोक्यावरून दहा-बारा फुटांवर उडतं. तिथं इंजिन बंद पडलं की उतरायला शेत निवडायची सवड मिळत नाही. म्हणून वैमानिकाच्या हाताशी एक दांडा असतो, तो ओढला की टाकीतलं सगळं औषध काही सेकंदांत खाली पडतं आणि हलकं झालेलं विमान थोडं तरंगतं. आपल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सनंही 'बसंत' नावाचं असलं विमान बनवलं होतं. त्यात माणूस बसायचा, म्हणून अपघात झाला की चौकशी आलीच. ड्रोनमध्ये कुणी बसत नाही, आणि मला वाटतं, सगळी ढिलाई तिथनंच सुरू होते.

नियम नाहीत असंही नाही. कीटकनाशक नियम 1971 मधला 43 वा नियम हवाई फवारणीचाच आहे: लोकांना किमान 24 तास आधी कळवायचं, धुण्याची आणि प्रथमोपचाराची सोय ठेवायची, माणसं-जनावरं त्या रानात जाऊ द्यायची नाहीत. ड्रोन नियम 2021 प्रमाणे अपघात झाल्यास चालकानं 48 तासांत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला कळवायचं असतं. आमच्याकडे आदल्या दिवशी दवंडी सोडा, शेजारच्या रानात भांगलणाऱ्या बायकांनाही कुणी सांगितलं नव्हतं. गावच्या कार्यालयात गेलो, तर गारपिटीचा पंचनामा होतो, याचा रकानाच नाही असं उत्तर मिळालं.

केरळातल्या कासरगोडच्या काजूबागांवर हेलिकॉप्टरनं दोन दशकं एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं गेलं. लोक ओरडत राहिले आणि देशभराची बंदी यायला 2011 साल उजाडलं. तिथलं प्रमाण फार मोठं होतं, मान्य. पण 'काय मारलं' हे ज्याच्या विहिरीला लागतं त्याला ठाऊक नसणं, हे दोन्हीकडे सारखंच.

माझी मागणी साधी आहे. ग्रामपंचायतीत एक वही ठेवावी. उद्या कुठल्या गटात, कुठलं औषध, कोण मारणार, हे त्यात आदल्या दिवशी लिहावं आणि फळ्यावर उतरवावं. यंत्र पडलं तर तलाठी आणि कृषी सहायक येईपर्यंत ते जाग्यावरनं हलवू नये. टाकी फुटली असेल तर माती आणि पाण्याचा नमुना घ्यावा, खर्च यंत्रवाल्यानं सोसावा. अनुदानाच्या अर्जाला इतके कागद लागतात, त्यात आणखी एकानं काय बिघडतंय?

पडलं त्या जागी बैलगाडीच्या चाकाएवढ्या गोलात उसाची पाती पिवळी पडली आहेत. विहिरीची मोटर शेजाऱ्यांनी अजून चालू केलेली नाही. म्हशींना आमच्या हौदावर आणतात.

आपला,
एक निवृत्त हवाई दल तंत्रज्ञ, ता. वाळवा, जि. सांगली