संगणकाच्या नकारालाही गुण द्या

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत गणिती सॉफ्टवेअरवर लेख आला आहे. श्रेणीतली पहिली काही पदे पाहून संगणक सूत्र ‘ओळखतो’, असे त्यात म्हटले आहे. मॅक्सिमा, मेपल किंवा सिमपाय यांना रिकरन्स, म्हणजे आधीच्या पदांवरून पुढचे पद सांगणारा संबंध, सोडवायला दिला, की अंदाजाला तिथे थारा नसतो. हा विषय महाविद्यालयात शिकवून मी निवृत्त झाले, म्हणून चार ओळी लिहिते.

नारायण पंडितांच्या ‘गणितकौमुदी’त (१३५६) एक गणित आहे. गाय दरवर्षी एक कालवड देते, कालवड तीन वर्षांची झाली की तीही दरवर्षी विते. वीस वर्षांनी खिल्लार केवढे? यंदाची संख्या म्हणजे गेल्या वर्षीची अधिक तीन वर्षांपूर्वीची, कारण तेवढ्याच गाई यंदा विणार. २, ३, ४, ६, ९, १३ असे मोजत गेले की विसाव्या वर्षी मूळ गाय धरून २७४५ होतात.

संगणक या पदांच्या वाटेला जात नाही. तो संबंधाचे समीकरण करतो: क्षचा घन बरोबर क्षचा वर्ग अधिक एक. याची मुळे तीन, एक वास्तव, सुमारे १.४६५६, आणि दोन संमिश्र. प्रत्येक मुळाचा न-वा घात घ्यायचा (‘न’ म्हणजे पदाचा क्रमांक, इथे वर्ष), त्याला एकेक स्थिरांक लावायचा आणि सुरुवातीच्या तीन संख्यांवरून ते स्थिरांक काढायचे, झाले सूत्र. (एखादे मूळ दोनदा आले तर स्थिरांकाच्या जागी न ची एकघाती बहुपदी येते, विद्यार्थी नेमके इथे घसरतात.) हे सूत्र बिनचूक असते, पण वर्गमुळांवर घनमुळे चढलेली असल्याने वाचवत नाही. पाचव्या घातापासून तर मुळे अशी लिहिता येतीलच याची खात्री नाही. मग सॉफ्टवेअर ‘या समीकरणाचे मूळ’ एवढी खूण ठेवून पुढे जाते. नुसते २७४५ हवे असतील तर बेरीजच बरी.

खरी गंमत सहगुणकांत, म्हणजे आधीच्या पदांना गुणणाऱ्या संख्यांत, ‘न’ हे अक्षर आले की सुरू होते. वर्गातली काही मुले बुद्धिबळाला जोड्या लावतात, काही एकटी बसतात. असे किती प्रकार? नवा मुलगा एकटा बसेल, नाहीतर आधीच्या न-उणे-एक मुलांपैकी एकाला जोडीदार करील. म्हणून न मुलांचे प्रकार म्हणजे एक मूल कमी असतानाचे प्रकार, अधिक न-उणे-एक गुणिले दोन मुले कमी असतानाचे. चार मुलांचे दहा प्रकार होतात.

इथे स्लोव्हेनियाच्या मार्को पेटकोव्शेक यांची १९९२ साली प्रसिद्ध झालेली रीत कामी येते. ज्या उत्तरात लागोपाठच्या दोन पदांचे गुणोत्तर न च्या दोन बहुपदींचा भागाकार असते, तसे उत्तर ही रीत शोधते. त्या बहुपदींचे उमेदवार पहिल्या आणि शेवटच्या सहगुणकांच्या अवयवांतूनच येतात, म्हणून यादी संपणारी असते. आपल्या गणितात उमेदवार दोनच, एक आणि न-अधिक-एक. तपासले की पहिल्यासोबतचा स्थिर गुणक मिळतच नाही, दुसऱ्यासोबतचा शून्य येतो, आणि शून्य चालत नाही. म्हणजे तसे सूत्र नाहीच, हे सिद्ध झाले. सिग्मा लावून बेरीज लिहिता येते, पण ती गोष्ट वेगळी.

हे सगळे लिहायला निमित्त झाले माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीचे. प्रात्यक्षिक परीक्षेत हाच संबंध आला होता आणि ‘सिग्माविना बंद सूत्र काढा’, म्हणजे लांब बेरजेविना थेट उत्तर देणारे सूत्र काढा, असे विचारले होते. तिने हे दोन्ही उमेदवार हाताने तपासून ‘असे सूत्र नाही’ असे लिहिले. परीक्षकांनी ‘उत्तर अपूर्ण’ असा शेरा मारून शून्य दिले. सॉफ्टवेअरने नुसते हात वर केले तर ती सिद्धता नव्हे, त्याची रीतच अपुरी असू शकते. पण तिने कारण दिले होते. अशा उत्तराला पूर्ण गुण मिळावेत, आणि पेपर काढणाऱ्यांनी प्रश्न छापायला देण्याआधी तो स्वतः एकदा सोडवून पाहावा. मॅक्सिमा आणि सिमपाय दोन्ही फुकट मिळतात.

— एक निवृत्त गणित प्राध्यापिका, सांगली