ढगांतून वर जायचं की गाडीने घरी?

सॅन होजे,
रविवार रात्र

प्रिय मन्या,

विमान उडवायचं लायसन्स मिळालं, अभिनंदन! पेढे उधार राहिले. आता विचारतोस, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (म्हणजे बाहेर न दिसता नुसत्या यंत्रांवर, ढगातूनही उडायची परवानगी) करू की तेवढ्या पैशात नुसतं उडू?

आधी माझी फजिती ऐक. लायसन्स नवीन होतं तेव्हा बायकोला घेऊन माँटेरेला जेवायला गेलो. जेवण होईतो समुद्रावरून ढग आले आणि आठशे फुटांवर गोधडी पसरली. जाडी जेमतेम सातशे फूट, वर लख्ख ऊन, सॅन होजेला आभाळ मोकळं. पण आपण व्हीएफआरवाले, म्हणजे बाहेर बघूनच उडवणारे, ढगात शिरायची मुभा नाही! भाड्याच्या गाडीने घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून विमान आणायला गेलो. रेटिंग असतं तर दोन मिनिटांत ढगांच्या वर असतो. आमच्या किनाऱ्यावर ते असं वसूल होतं. तुमच्याकडचे उन्हाळी गडगडाटी ढग किंवा इथल्या सिएरा डोंगरांवरचे हिवाळी, विमानावर बर्फ धरवणारे ढग, यांत मात्र सेसना १७२ सारखं छोटं विमान घेऊन कुणीच शिरू नये, रेटिंग असो वा नसो.

खरं शिक्षण वेगळंच असतं रे. पहिल्यांदा ढगात गेलो तेव्हा कान छातीठोकपणे सांगत होता, आपण डावीकडे कललोय. समोरचं हॉरायझन, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारं यंत्र, मात्र सरळ! हात आपोआप उजवीकडे दाबायला निघाला. मास्तर शांतपणे म्हणाले, "सुई बघ." घाम फुटला होता. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात यंत्रांवर उडवायचा सराव नसलेल्या वीस जणांवर प्रयोग केला होता. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, तोही सरासरी १७८ सेकंदांत. आपल्या परीक्षेपुरते तीन तास बाहेरचं न बघता उडवलेलं अशा वेळी किती पुरणार?

अडचण पैशांची कमी, सवयीची जास्त. रेटिंगसाठीचे चाळीस तास एकदाचे होतात. पण पुढे दर सहा महिन्यांत सहा अप्रोच (यंत्रांवर धावपट्टीकडे उतरत येणं) आणि होल्डिंग (ठरल्या जागी घिरट्या घालणं) करावं लागतं, नाहीतर रेटिंग नुसतं कागदावर. माझं दोनदा लटकलंय. महिन्यातून एकदा, तेही निरभ्र दिवशी उडणार असशील, तर सध्या राहू दे. गंजलेल्या हातांनी ढगात शिरण्यापेक्षा भाड्याची गाडी बरी. पण गावोगाव जायचं असेल तर पुढच्या वर्षीच कर, आणि ढगात नेणाराच मास्तर शोध. नुसता फॉगल्स, म्हणजे बाहेरचं दिसू न देणारा चष्मा, लावून शिकवणारा नको.

दिवाळीत इकडे येतोयस ना? माझे सहापैकी दोनच अप्रोच झालेत. मी फॉगल्स लावतो, तू उजवीकडे बसून बाहेर बघ. जेवण माँटेरेला, माझ्याकडून.

तुझा,
बाळ्या