छायाचित्राखाली नाव हवे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वृत्तछायाचित्रणाच्या भवितव्याविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे यापुढे कोणत्याही छायाचित्रावर विश्वास ठेवता येणार नाही आणि म्हणून या व्यवसायाचे दिवस भरले, असा त्याचा एकंदर सूर आहे. त्यातील काळजी रास्त असली, तरी सगळे खापर यंत्रावर फोडणे मला पटत नाही. वाचक छायाचित्रावर विश्वास ठेवत आला तो कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या, नाव-गाव असलेल्या आणि वेळ पडल्यास जाब देऊ शकणाऱ्या माणसाच्या भरवशावर. त्या माणसाला वृत्तपत्रांनीच आधी पानावरून आणि मग पगारपत्रकावरून हळूहळू बाहेर काढले आहे.

हा भरवसा म्हणजे काय, याचे मुंबईइतके ठळक उदाहरण दुसरे नसावे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ‘मुंबई मिरर’चे छायाचित्र संपादक सेबॅस्टियन डिसोझा समोरच्याच कार्यालयातून छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये धावले. उभ्या गाडीच्या एका डब्यातून नीट कोन मिळेना म्हणून ते दुसऱ्या डब्यात गेले, तेथे थांबून राहिले आणि पाठीवर पिशवी व हातात रायफल घेऊन चालणाऱ्या कसाबला त्यांनी टिपले. ते छायाचित्र जगभर छापले गेले, हे सर्वांना आठवते. त्यानंतर जे घडले ते मला अधिक मोलाचे वाटते. २००९ मध्ये आर्थर रोड तुरुंगात भरलेल्या विशेष न्यायालयात डिसोझा साक्षीदार म्हणून उभे राहिले आणि त्यांची छायाचित्रे खटल्यात पुरावा ठरली. पुढे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कसाबची फाशी कायम केली, तेव्हा त्याच निकालपत्रात वृत्तवाहिन्यांनी केलेल्या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले, कारण सुरक्षा दलांच्या हालचाली त्या प्रक्षेपणातून पाकिस्तानात बसलेल्या सूत्रधारांना आयत्या कळत होत्या. हल्ला एकच होता आणि कॅमेरे दोन्हीकडे होते. एकाने काढलेले न्यायालयात टिकले, तर दुसऱ्यांच्या चित्रणाने जवानांचे जीव धोक्यात घातले.

छायाचित्रातील लबाडी तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कितीतरी आधीपासूनची आहे. सीरियातील एका छायाचित्राच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा दिसत होता, तो पुसून टाकला एवढ्यासाठी ‘असोसिएटेड प्रेस’ या अमेरिकी वृत्तसंस्थेने पुलित्झर हा पत्रकारितेतील मानाचा पुरस्कार मिळवलेल्या चमूतील छायाचित्रकाराशी जानेवारी २०१४ मध्ये संबंध तोडले. पुसलेल्या वस्तूने बातमीचा अर्थ तसूभरही बदलत नव्हता, तरीही ही शिक्षा झाली, आणि ती योग्यच होती असे माझे मत आहे. आपल्याकडे डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईच्या पुराची पंतप्रधान हवाई पाहणी करत असल्याचे छायाचित्र केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने प्रसृत केले. विमानाच्या खिडकीत पुराचे दृश्य वेगळे चिकटवलेले असल्याचे लोकांनीच दाखवून दिले, तेव्हा ते मागे घ्यावे लागले. २८ मे २०२३ रोजी दिल्लीत ताब्यात घेतलेल्या महिला कुस्तीगिरांचे पोलिसांच्या बसमधील छायाचित्र असेच फिरले. मूळ छायाचित्रातील गंभीर चेहऱ्यांवर कोणीतरी मोबाइलवरील साधनाने हसू चढवले होते. मूळ छायाचित्र उपलब्ध होते म्हणून ते हसू खोटे ठरले. ते नसते, तर त्या मुलींच्या आंदोलनाची टवाळी करणाऱ्यांना पुरावाच मिळाला असता.

आता आपल्या जिल्हा आवृत्तीकडे वळतो. आतील पानांवरील उद्घाटने, सत्कार आणि निवेदने यांची छायाचित्रे पाहा. फोटो ओळ ‘डावीकडून’ या शब्दाने सुरू होते आणि दहा-बारा नावे घेऊन संपते, पण छायाचित्र कोणी काढले ते मात्र कोठेच नसते. बहुधा ते आयोजकांच्याच माणसाने काढून व्हॉट्सॲपवर पाठवलेले असते. पावसाळ्यात तर सांगलीकरांना याची झळच बसते. कृष्णेचे पाणी चढू लागले की २०१९ च्या महापुराची जुनी छायाचित्रे ‘आत्ताची’ म्हणून मोबाइलवर फिरू लागतात आणि नदीकाठच्या वस्त्यांत घबराट पसरते. अशा वेळी आयर्विन पुलाजवळ प्रत्यक्ष उभे राहून, पातळीच्या पट्टीसह आणि वेळेच्या उल्लेखासह काढलेले एक छायाचित्र शंभर खुलाशांचे काम करते. त्या जागी ‘सौजन्य : समाजमाध्यम’ असे छापून येत असेल, तर वाचकाने मोबाइल बाजूला ठेवून अंक विकत का घ्यावा?

खर्चाचे कारण पुढे केले जाईल, याची कल्पना आहे. अमेरिकेतील ‘शिकागो सन-टाइम्स’ या दैनिकाने २०१३ मध्ये आपले सर्वच्या सर्व २८ पूर्णवेळ छायाचित्रकार एका दिवसात कमी केले आणि बातमीदारांच्या हाती आयफोन दिले. आपल्याकडे असा गाजावाजा न होता तेच झाले. वास्तविक १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने वृत्तछायाचित्रकाराला पत्रकार म्हणूनच ओळखले होते. कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती, आणि नोकरीमुळे मालकी हक्क संस्थेकडे गेला तरी कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा त्या व्यक्तीचा हक्क कलम ५७ नुसार अबाधित राहतो. नाव छापायला तर पैसाही लागत नाही.

मूल्यांतील सगळेच बदल वाईट नाहीत. अपघातातील मृतदेह पहिल्या पानावर छापण्याची जुनी रीत आता बरीच मागे पडली, हे चांगलेच झाले. मात्र मृत्यूचे चित्रणच नको, असे त्यावरून म्हणता येणार नाही. ‘रॉयटर्स’ वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार दानिश सिद्दीकी यांनी करोनाच्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये टिपलेल्या दिल्लीतील चितांच्या छायाचित्रांवर खासगी दुःख चव्हाट्यावर मांडल्याचा आक्षेप घेतला गेला. पण ती छायाचित्रे नसती, तर त्या दिवसांत स्मशानांत काय चालले होते ते कागदोपत्री आकड्यांवरून कळले नसते. तीनच महिन्यांनी अफगाणिस्तानात स्पिन बोल्डक येथे वार्तांकन करताना ते मारले गेले.

म्हणून आपल्याकडे एवढेच मागणे आहे : प्रत्येक छायाचित्राखाली ते काढणाऱ्याचे नाव, स्थळ आणि तारीख छापावी, आयोजकांनी किंवा पक्षाने पाठवलेले असेल तर तसे स्पष्ट म्हणावे, ‘संग्रहित छायाचित्र’ हे शब्द भिंग न लावता वाचता येतील एवढे मोठे असावेत आणि त्यांच्यासोबत वर्षही असावे. आपल्या जिल्हा आवृत्तीसाठी आज किती छायाचित्रकार पगारावर काम करतात, तेही याच स्तंभात कळवल्यास आभारी राहीन.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सांगली