रात्री दोन वाजता वॉर्डात किती सिस्टर असतात, ते मोजा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : मराठवाड्यातील परिचारिका व आरोग्य सेविकांवरील कामाचा ताण

महोदय,
स. न. वि. वि.

परिचारिकांचा प्रश्न सभागृहात निघाला की उत्तर ठरलेले असते : मंजूर पदे इतकी, भरलेली इतकी, बाकीची भरती प्रक्रियेत. आकडे खोटे नसतात, पण त्यातून वॉर्डातले काही कळत नाही. भरलेल्या पदावरची सिस्टर प्रसूती रजेवर असते, प्रतिनियुक्तीवर असते, नाहीतर भांडारात बसवलेली असते. मस्टरवर तिचे नाव असते, रुग्णाजवळ ती नसते. म्हणून या दोन रकान्यांना तिसरा जोडा : रात्री दोन वाजता प्रत्यक्ष हजर.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक, इतरत्र पाच खाटांमागे एक आणि वर 30 टक्के रजा राखीव असा आहे. हे प्रमाण तिन्ही पाळ्या मिळून धरले, तरी 30 खाटांच्या अध्यापन कक्षाला 13 जणी लागतात, म्हणजे रात्री किमान तिघी. परभणी, जालना, हिंगोली, धाराशिवला वैद्यकीय महाविद्यालये आली, पाट्या बदलल्या. मग निकषही अध्यापन रुग्णालयाचाच लागू व्हायला हवा. शिवाय खाटांची संख्या ही कागदावरची गोष्ट. खाली गादी टाकलेला रुग्ण पदांच्या हिशेबात कुठेच येत नाही, पण त्याचे सलाईन कुणीतरी बदलावेच लागते.

साधे गणित बघा. सेफ्ट्रियाक्झोन या प्रतिजैविकाची एक ग्रॅमची कुपी 10 मिली पाण्यात विरघळवून शिरेतून सावकाश, दोन ते चार मिनिटे घेत द्यायची असते. केसपेपर पडताळणे, कॅन्युला (शिरेतली नळी) नीट आहे का, हात सुजलाय का ते बघणे, नोंद करणे हे धरून रुग्णामागे सहा मिनिटे. चाळीस रुग्ण म्हणजे चार तास. रात्री दहाचा डोस शेवटच्या माणसाला दोनला पोचतो. वेळ गाठायची तर औषध भरकन ढकलले जाते आणि सकाळी शिरा लाल होऊन सुजलेल्या दिसतात. त्यात कुणाला रक्त चढवायचे असेल, तर पहिली 15 मिनिटे त्याच्याजवळून हलता येत नाही.

प्रसूतिकक्षात हे गणित जिवावर बेतते. झटके येत असलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस एकूण 14 ग्रॅमचा : चार ग्रॅम पातळ करून शिरेतून हळूहळू, आणि पाच-पाच ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत. दोन मिलीच्या 50 टक्के अँप्यूलमध्ये एक ग्रॅम असते, म्हणजे चौदा अँप्यूल फोडायच्या. त्याच वेळी तिला कुशीवर वळवायचे, तोंडातला फेस ओढून काढायचा, ऑक्सिजन लावायचा. मग श्वास मिनिटाला 16 च्या खाली जातात का, गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो का, लघवी तासाला 30 मिली होते का, हे बघत राहायचे आणि मॅग्नेशियम जास्त झाले तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचे. ग्रामीण रुग्णालयात रात्री एकटी सिस्टर हे करते आणि शेजारच्या टेबलावर दुसरीचे बाळ बाहेर येत असते. बाळ रडले नाही, तर पहिल्या मिनिटात श्वास देणारी अंबू बॅग धरणार कोण?

तिला रेफर केले, म्हणजे मोठ्या रुग्णालयात पाठवले, की आणखी एक प्रश्न. गाडीत सोबत सिस्टर गेली तर वॉर्ड रिकामा, नाही गेली तर वाटेत झटका आल्यावर बघायला कुणी नाही. किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरहून लांब आहे.

आरोग्य सेविकांची तऱ्हा वेगळी, मूळ तेच. उपकेंद्र 5,000 लोकसंख्येला, डोंगरी-आदिवासी भागात 3,000 ला. आणि शेवटची जनगणना 2011 ची. बीड, जालन्याकडे दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बाळाचे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे लशींचे डोस नेमके फडावर असताना येतात. टोळी परतली की सेविका कॅरियर (लशीची थंड पेटी) घेऊन स्वतःच्या स्कूटीवर वस्तीवर जाते. तिथे बीसीजीची दहा डोसांची कुपी एका बाळासाठी फोडावी, तर उरलेले औषध चार तासांनी टाकून द्यावे लागते आणि लस वाया का गेली म्हणून वर विचारणा होते. मग “पुढच्या सत्राला या” असे सांगितले जाते. पुढच्या सत्राला ती बाई गावात असेलच असे नाही. एका बाळासाठीही कुपी फोडावी आणि वायाच्या टक्क्यांवरून नोटीस काढू नये, असे लेखी आदेश तालुक्यापर्यंत जाऊ द्या. घाई आणखी एका ठिकाणी नडते. आइसपॅक फ्रीझरमधून काढून, हलवल्यावर आत पाणी वाजेपर्यंत बाहेर ठेवायचा असतो. तसाच कॅरियरमध्ये घातला, तर त्याला टेकलेली पेंटाव्हॅलंट लस गोठते आणि निकामी होते. बाहेर बेचाळीस अंश असले तरी आत लस गोठू शकते, हे पुष्कळांना खरे वाटत नाही.

पदभरतीला वेळ लागतो, हे आम्ही जाणतो. पण काही गोष्टींना वित्त विभागाकडे फाइल पाठवावी लागत नाही. कार्यालयात बसवलेल्या परिचारिका वॉर्डात परत पाठवा. खाली गादीवर झोपलेल्या रुग्णांसह रात्रीची रुग्णसंख्या आणि हजर परिचारिका रोज फळ्यावर लिहायला लावा. रेफरसोबत जाणाऱ्या सिस्टरच्या जागी कोण येणार, त्याचे नाव ड्युटी चार्टमध्येच असू द्या. सुई टोचली तर एचआयव्ही प्रतिबंधक गोळी शक्यतो दोन तासांत, फार तर 72 तासांत सुरू व्हावी लागते. रात्री एआरटी केंद्राला, म्हणजे एचआयव्हीची औषधे मिळतात तिथे, कुलूप असते. सुरुवातीचे डोस अपघात विभागाच्या कपाटात ठेवा आणि किल्ली पाळीवरच्या सिस्टरकडे द्या.

2010 च्या वैद्यकीय सेवा संरक्षण कायद्यात हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. फिर्याद मात्र मार खाल्लेल्या सिस्टरने एकटीने ठाण्यात जाऊन द्यायची, अशीच रीत पडली आहे. ती फिर्याद संस्थाप्रमुखांनी, त्याच पाळीत द्यावी, एवढे परिपत्रक या महिन्यात निघू शकते.

आपल्या,
मराठवाड्यातील शासकीय रुग्णालये व उपकेंद्रांतील परिचारिका आणि आरोग्य सेविका