निवेदनावर सह्या चाळीस, तक्रारदार एकही नाही

महोदय,

मानवी हक्क दिन जवळ आला की पुण्यातल्या लोकशाहीवादी संघटनांच्या आघाड्यांची लगबग सुरू होते. जिल्हाधिकारी कचेरीसमोर धरणे, एक निवेदन, खाली चाळीस सह्या, दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का. आघाडी बांधणे या शहराला नवे नाही. 1956 साली संयुक्त महाराष्ट्र समिती इथेच स्थापन झाली. अडते ते धरणे उठल्यावर, कागदापाशी.

मानवी हक्क आयोगाला भूमिका नको असते, घटना लागते. ‘पोलिसी दडपशाही थांबवा’ ही मागणी झाली, तक्रार नव्हे. कोणाला, कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या ठाण्यात, कोणत्या हुद्द्याच्या माणसाने काय केले, हे लिहावे लागते. मोघम किंवा निनावी अर्ज दारातच फेटाळला जातो. पीडिताच्या वतीने दुसरा कोणीही तक्रार करू शकतो आणि तिला शुल्क नाही. तेव्हा सह्या चाळीस नकोत. एकच तक्रारदार, त्याचा पूर्ण पत्ता आणि एका अर्जात एकच घटना.

सर्वांत जास्त घात होतो तो मुदतीने. मानवी हक्क संरक्षण कायदा, 1993 च्या कलम 36 नुसार घटनेला वर्ष उलटल्यावर आयोगाला चौकशी करता येत नाही. इकडे मसुदा घटक संघटनांमध्ये फिरत राहतो. ‘शोषण’ लिहायचे की ‘पिळवणूक’ यावर दोन बैठका जातात. शिवाय उत्साहाच्या भरात तोच अर्ज मुंबईला राज्य आयोगाकडे आणि दिल्लीला राष्ट्रीय आयोगाकडेही धाडतात. राज्य आयोगापुढे प्रलंबित असलेल्या प्रकरणात राष्ट्रीय आयोग हात घालू शकत नाही. आधीच ठरवून एकाच ठिकाणी जावे.

ठाण्यात मारहाण झाली असेल तर तक्रारीतच सीसीटीव्ही चित्रण जपून मागवून घेण्याची विनंती करावी, वेळेसकट. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात ठाण्यांतले चित्रण 18 महिने, आणि तशी यंत्रणा मिळत नसेल तर किमान एक वर्ष, साठवण्याचा आदेश दिला आहे. पण चित्रण तेवढे टिकेलच असे धरून बसू नये. या कामी महिन्या-दोन महिन्यांत हालचाल हवी. ‘दुपारी’ असे लिहून भागत नाही. ‘3 ते 5, ठाणे अंमलदाराची खोली’ असे लिहावे.

माहिती अधिकारातही हीच गत. आघाडीच्या लेटरहेडवर अर्ज गेला की तो परत यायला निमित्त मिळते, कारण कायद्याच्या कलम 3 प्रमाणे हा अधिकार नागरिकाचा आहे, संस्थेचा नाही. साध्या कागदावर, स्वतःच्या नावाने, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्यावा. राज्याच्या नियमाप्रमाणे विषय एकच आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. ‘कारवाई का केली नाही?’ असे विचारले तर ‘माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ हे उत्तर ठरलेले. त्याऐवजी ‘अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील सर्व टिपण्यांच्या साक्षांकित प्रती’ मागाव्यात. अर्ज दाबून ठेवला असेल तर कोणत्या टेबलावर, तेही त्या टिपण्यांतून कळते. 30 दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या 30 दिवसांत 20 रुपयांच्या स्टॅम्पसह पहिले अपील. दुसऱ्याला 90 दिवस मिळतात. अटकेसारखा व्यक्तीच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तासांची तरतूद आहे. ती अर्जाच्या पहिल्याच ओळीत कलम 7(1) चा उल्लेख करून मागावी, आणि कोणाचे स्वातंत्र्य कसे धोक्यात आहे तेही लिहावे. नाहीतर अर्ज इतर गठ्ठ्यात जातो.

आघाड्यांनी यंदा फलक दोन कमी छापावेत आणि एक जाड वही आणावी. तिच्यात घटनेची तारीख, वर्ष संपण्याची तारीख, आवक क्रमांक आणि अपिलाचा शेवटचा दिवस, एवढे रकाने पुरेत. वही कोणाच्या ताब्यात राहणार, यावर एखादी बैठक गेली तरी चालेल.

– मानवी हक्कांच्या तक्रारींचे काम पाहणारे काही कार्यकर्ते, पुणे